आठ हजार अक्षरांची जागा

लॅपटॉपची मेमरी बिघडली म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये गेलात, तर आता बरेचदा एकच उत्तर ऐकायला मिळतं, "मेमरी बोर्डालाच जोडलेली आहे, बोर्ड बदलावा लागेल." बोर्डाची किंमत ऐकल्यावर माणूस जुन्याचा नाद सोडतो आणि नवा लॅपटॉप घेऊनच घरी परततो.

चाळीसेक वर्षांपूर्वी, हातात धरून कुठेही नेता येतील असे पहिले कॉम्प्युटर बाजारात आले, तेव्हा हे असं नव्हतं. त्यांतल्या पुष्कळ मशीनमध्ये मेमरीची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असायची. आपल्याकडचे दुकानदार या सॉकेटला 'आयसी बेस' म्हणतात. बल्ब जसा होल्डरमधून काढावा तशी चिप काढायची आणि दुसरी बसवायची. त्यासाठी कारखाना लागत नाही. पाना-पेचकस, थोडा उजेड आणि सावकाश काम करणारे हात एवढं पुरतं. मात्र काय काढतोय आणि काय बसवतोय हे नीट माहीत हवं, कारण एक चिप उलटी बसली तर ती कायमची जाते.

अशा मशीनला आज हात लावण्याचं कारण बहुतेकदा हौस असतं. पण एखाद्या घरात त्यावर लिहिलेलं काहीतरी अडकून पडलेलं असतं आणि मग तो हौसेचा मामला राहत नाही.

वहीएवढा कॉम्प्युटर

१९८१ मध्ये अमेरिकेत 'ऑसबोर्न १' आला. त्याला पोर्टेबल म्हणत, पण वजन जवळजवळ अकरा किलो! शिलाई मशीन उचलून नेण्यासारखाच प्रकार. खऱ्या अर्थाने मांडीवर ठेवता येईल असं मशीन आलं ते १९८३ मध्ये, टँडी कंपनीचं 'मॉडेल १००'. ते बनवलं होतं जपानच्या क्योसेरा कंपनीने. जाड वहीएवढा आकार, दीड किलोच्या आत वजन, पूर्ण आकाराचा कीबोर्ड आणि वर आठ ओळींचा पडदा. एका ओळीत चाळीस अक्षरं मावायची. चार पेन्सिल सेलवर ते वीस तास चाले. परदेशी वार्ताहरांनी तर ते डोक्यावरच घेतलं, कारण बातमी टाइप करायची आणि टेलिफोनच्या तारेवरून थेट कचेरीत पाठवायची सोय त्यातच होती. त्याच्या आतल्या प्रोग्रॅमचा मोठा भाग बिल गेट्स यांनी स्वतः लिहिला होता, हे त्यांनीच पुढे सांगितलं आहे. १९८६ मध्ये त्याचा थोडा सडपातळ धाकटा भाऊ आला, 'टँडी १०२'.

या मशीनमध्ये ना हार्ड डिस्क, ना फ्लॉपी. लिहिलेलं सगळं मेमरीच्या चिपमध्येच राहायचं. सेल संपले तरी मजकूर जाऊ नये म्हणून आत एक छोटी चार्ज होणारी बॅटरी असे, पण तिचा दम काही दिवसांचा. कायमचं जपायचं तर साधा टेपरेकॉर्डर जोडायचा आणि मजकूर कॅसेटवर उतरवायचा. गाण्याच्या कॅसेटवर! ती कॅसेट नुसती ऐकली तर फक्त कर्कश किंचाळी ऐकू येते.

आपल्याकडे त्या काळी परदेशी कॉम्प्युटर आणणं सोपं नव्हतं. नोव्हेंबर १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणाने दार थोडं किलकिलं केलं, तरी सामान्य घरात असं मशीन यायचं ते परदेशातल्या भावाच्या किंवा मुलाच्या सामानातूनच.

आमच्या घरात आलं तेही असंच. येलहंका हे बंगलोरच्या उत्तरेचं जुनं गाव. बंगलोर वसवणारे केंपेगौडा हे येलहंक्याचे नाडप्रभू, म्हणजे खरं तर एवढं मोठं शहर या गावाचंच लेकरू. माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, इथे आणलं ते मात्र रेल्वेने. १९८४ साली येलहंक्याला रेल्वेची चाकं आणि आस बनवणारा व्हील अँड ॲक्सल प्लँट सुरू झाला (२००३ पासून त्याचं नाव रेल व्हील फॅक्टरी आहे) आणि मिरजेहून अण्णांची बदली इथे झाली. १९८७ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाने अमेरिकेहून येताना त्यांच्यासाठी टँडी १०२ आणलं.

अण्णा त्यावर रोज रात्री लिहायचे. मिरजेच्या रेल्वे कॉलनीतलं लहानपण, आजोळची माणसं, मीटरगेजचं ब्रॉडगेज होताना पाहिलेले दिवस. मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. लिहून झालं की कॅसेटवर उतरवून वर तारीख घालायची. २००९ मध्ये अण्णा गेले. मागे अकरा कॅसेट राहिल्या आणि कपाटात गुंडाळून ठेवलेलं मशीन.

मशीन सुरू झालं, पण अर्धवट. टँडी १०२ मूळ चोवीस केबी मेमरीचं. आत एक रिकामं सॉकेट असतं, त्यात आठ केबीची चिप बसवली की बत्तीस होतात. काकांनी ती चिप बसवूनच आणलं होतं. सुरू केल्यावर पडद्याच्या तळाशी किती जागा मोकळी आहे तो आकडा दिसतो. पूर्ण मेमरी असेल तर तो एकोणतीस हजारांच्या पुढे असतो. आम्हाला दिसला एकवीस हजारांच्या आसपास. म्हणजे ती वरची आठ केबी, ८,१९२ अक्षरांची जागा, मशीनला सापडतच नव्हती. नऊ कॅसेटमधला मजकूर आटोपशीर होता, तो चढला. दोन कॅसेटमध्ये मात्र अण्णांनी भरगच्च लिहिलं होतं. त्या चढवायला गेलं की जागा अपुरी पडायची. कॅसेटचा आवाज नव्या कॉम्प्युटरवर घेऊन त्यातून अक्षरं काढणारे प्रोग्रॅमही आहेत. पण टेप जुनी, आवाज मध्येच खोल जाणारा. तिथे ज्या मशीनने लिहिलं त्याच मशीनला वाचू देणं अधिक भरवशाचं.

आधी मजकूर, मग चिप

तुमच्याकडे असं मशीन असेल तर पहिली गोष्ट ही की, मेमरीत आत्ता काही मजकूर असेल तर झाकण उघडण्याआधी तो बाहेर काढा. चिप बदलताना सेल काढावे लागतात, तळाशी असलेलं मेमरीचं बटण बंद करावं लागतं आणि त्या क्षणी आतलं सगळं पुसलं जातं. हे परत आणायची कुठलीही युक्ती नाही. मजकूर कॅसेटवर घ्या किंवा मागच्या सीरियल पोर्टला तार लावून नव्या कॉम्प्युटरवर उतरवा. नव्या कॉम्प्युटरला तसा पोर्ट नसतो, पण यूएसबीला लावायचा अडॅप्टर सहज मिळतो.

दुसरी गोष्ट, आपलं मॉडेल नेमकं कोणतं ते पाहा. टँडी १०२ च्या सॉकेटमध्ये ६२६४ या नंबरची साधी, अठ्ठावीस पायांची चिप बसते. मॉडेल १०० चं तसं नाही. त्यात आठ केबीचं मॉड्यूल लागतं आणि त्याच्या पायांची रचना बाजारातल्या चिपशी जुळत नाही. त्याच्या तळाशी जादा प्रोग्रॅमच्या चिपसाठी एक खण आहे, तिथेही हाच वेगळेपणा. नेहमीची चिप तिथे नुसती ठेवून चालत नाही, मध्ये जोडणी बदलणारी छोटी पाटी लागते. सुदैवाने जगभरच्या हौशी मंडळींनी अशा पाट्यांचे आराखडे करून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. मॉडेल १०० च्या मूळ रॉममध्ये तारखेतलं '१९' कायमचं कोरलेलं असल्यामुळे सन २००० नंतरही मेनूवर विसावंच शतक दिसतं. ते खटकलं म्हणून खास रॉम बदलणारे लोकही आहेत. मला विचाराल तर ते '१९' राहू द्यावं. मशीन त्या काळातलंच आहे.

एस. पी. रोडची फेरी

येलहंक्याहून बसने मॅजेस्टिकला आणि तिथून सदर पत्रप्पा रोडला, म्हणजेच एस. पी. रोडला. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, पुणेकरांना पासोड्या विठोबाजवळची दुकानं, तसा बंगलोरचा हा बाजार. अरुंद गल्ली, वर तारांचं जाळं आणि टीचभर दुकानात छतापर्यंत प्लॅस्टिकचे खण. ६२६४ मागितल्यावर तरुण विक्रेता भुवया उंचावतो, पण गल्ल्यावरचे वडीलधारे न बघता खण ओढतात.

या नंबरची चिप आपल्याकडे मिळते त्यालाही एक कारण आहे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या कित्येक पिढ्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरवर शिकल्या. बंगलोरच्या ई.एस.ए.चं किंवा मुंबईच्या डायनालॉगचं किट समोर ठेवून, लाल आकड्यांकडे डोळे लावून दोन संख्यांची बेरीज करायची! अशा किटवर अठ्ठावीस पायांचे आयसी बेस असतात आणि त्यांत हीच मेमरी. मीसुद्धा सांगलीला त्याच किटवर शिकले. टँडी १०२ उघडल्यावर आत ८०८५ चाच कमी वीज खाणारा भाऊ दिसला, तेव्हा माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. तुमच्याही घरात त्या काळचा कुणी इंजिनिअर दीर, मेहुणा किंवा आत्या असेल तर या कामाला त्यांना जरूर बसवा.

चिप घेताना नंबराबरोबर पुढची अक्षरंही वाचायची. ६२६४ च्या पुढे 'एल' हवं. एल म्हणजे कमी वीज खाणारी. साधी चिपही चालेल, मजकूरही धरून ठेवेल, पण आतली छोटी बॅटरी ती लवकर पिऊन टाकेल. त्यानंतरचा १५, १२ किंवा १० हा आकडा वेगाचा, म्हणजे १५०, १२० किंवा १०० नॅनोसेकंद. त्यात कमी आकडा म्हणजे वेगवान आणि तो बिनदिक्कत चालतो. "६२६४ नाही, ही ६२२५६ घ्या, हिच्यात चौपट मेमरी आहे," असं कुणी म्हणालं तर मोहात पडू नका. तिलाही पाय अठ्ठावीसच, बसतेही तंतोतंत, पण तिच्या सव्विसाव्या पायाचं काम वेगळं आहे.

आता पाय बघा. नव्या कोऱ्या चिपचे पाय किंचित बाहेर फाकलेले असतात. ते सरळ असतील आणि टोकाला सोल्डर दिसत असेल, तर ती कुठल्यातरी जुन्या बोर्डावरून काढलेली आहे. काढलेली चिपही चांगली निघू शकते, पण मग दर तसा हवा. काही चिपवर काळा थर देऊन नवा नंबर छापलेला असतो. घरी आल्यावर कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून वरून पुसा. बोळ्यावर शाईबरोबर काळा रंगही आला तर समजायचं. म्हणूनच एक लागत असली तरी दोन घ्याव्यात. आम्हाला दोन चिप दोन मसाला डोशांच्या पैशांत पडल्या.

थर्मोकोल नको, स्टीलचा डबा चालेल

या चिपचा मोठा शत्रू म्हणजे आपल्या अंगावरची स्थिर वीज. कोरड्या दिवसांत नायलॉनची साडी काढताना चटचट आवाज येतो ना, तीच. आपल्याला ती जेमतेम जाणवते, पण चिपच्या आतला केसाहून कितीतरी पातळ थर तिने जळून जातो आणि बाहेरून काहीच कळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बंगलोरची हवा कोरडी असते, तेव्हा जास्त जपायचं. सुती कपडे घालावेत, लाकडी टेबलावर काम करावं आणि चिपला हात लावण्याआधी नळासारख्या जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. मनगटाला बांधायचा पट्टाही एस. पी. रोडवर मिळतो. चिप थर्मोकोलमध्ये खोचून ठेवायची सवय पुष्कळांना असते. ती सर्वांत वाईट, कारण थर्मोकोल ही स्थिर विजेची खाणच. काळ्या फोमवर ठेवा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात.

मशीन पालथं करून झाकण उघडलं की आधी बॅटरीकडे बघायचं. आमच्या मशीनचं दुखणं तिथेच होतं. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरते आणि तिचं पाणी तांब्याच्या रेघांवरून पसरत जातं. आमच्याकडे सॉकेटच्या एका टोकाला हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं चढली होती आणि चिपचे तीन पाय खाल्ले गेले होते. हा पाझर क्षारी असतो, म्हणून त्यावर पांढरं व्हिनेगर. कापसाच्या काडीने अगदी थोडं लावायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. बॅटरी काढूनच टाकायची. नवी घालायची की नाही ते नंतर बघू, पण जुनी एक दिवसही आत ठेवू नये. कोकणात किंवा मुंबईत ठेवलेल्या मशीनमध्ये बॅटरी शाबूत असली तरी दमट हवेने पाय काळवंडलेले असतात. तिथे कधी कधी चिप नुसती काढून, पाय पुसून परत बसवली तरी मशीन शुद्धीवर येतं.

जुनी चिप काढताना एकाच बाजूने उचकटू नये. दुसऱ्या टोकाचे पाय वाकून मोडतात. बारीक पेचकस चिप आणि सॉकेट यांच्या मध्ये सरकवून एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, जराजरा उचलत यायचं.

नवी बसवताना फाकलेले पाय आधी सरळ करायचे. चिप आडवी धरून एका बाजूचे चौदा पाय टेबलावर टेकवायचे आणि हलकेच दाबायचं, मग दुसरी बाजू. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते, तशीच खूण सॉकेटवर किंवा बोर्डावर असते. या दोन्ही खुणा एकाच बाजूला आल्या पाहिजेत. ६२६४ मध्ये अठ्ठाविसाव्या पायाला वीज येते आणि चौदावा पाय जमिनीचा. हे दोन पाय समोरासमोरच्या कोपऱ्यांत आहेत. चिप उलटी फिरवली की एकाची जागा नेमकी दुसरा घेतो, वीज उलटी मिळते आणि चिप तापून संपते. म्हणून दाबण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी खाच दाखवावी. नात किंवा नातू असेल तर उत्तम, त्यांचे डोळे चांगले. सगळे पाय आपापल्या भोकांत टेकलेत ना ते बघून मगच दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यायचा. एखादा पाय बाहेर राहून चिपच्या पोटाखाली दुमडला तर वरून ओळखू येत नाही, म्हणून कडेने विजेरी मारून मोजून घ्यावेत.

सॉकेटच ढिलं किंवा गंजलेलं असेल तर तेच बदलावं लागतं. ते सोल्डरिंगचं काम. सवय नसेल तर जुने टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा मेकॅनिक गाठावा. नव्या मोबाइलवाल्यांपेक्षा अशा कामाला त्यांचा हात चांगला बसलेला असतो.

ऑसबोर्न किंवा १९८३ चा कॉम्पॅक पोर्टेबल यांसारख्या मोठ्या मशीनचं गणित निराळं. टँडीतली मेमरी विजेच्या बटणासारखी, जिथे ठेवली तिथेच राहणारी. या मोठ्यांतली मेमरी गळक्या माठासारखी. मशीनला सेकंदाला शेकडो वेळा ती पुन्हा पुन्हा भरावी लागते. चिप सोळा पायांच्या आणि रांगेने बसवलेल्या, ऑसबोर्नमध्ये तर बत्तीस. त्यातली ४११६ ही चिप तीन वेगवेगळ्या व्होल्टेजवर चालते आणि दिसायला तशीच असलेली ४१६४ एकाच, पाच व्होल्टवर. एकीच्या जागी दुसरी बसवली तर बारा व्होल्ट भलत्याच जागी जातात. तिथे नंबर वाचल्याशिवाय काही करू नये.

दोन कॅसेट

चिप बसवल्यावर सेल घालायचे, तळाचं बटण चालू करायचं, कंट्रोल आणि ब्रेक या कळा दाबून ठेवून मागचं रीसेट बटण दाबायचं. याने मेमरी कोरी होते आणि मशीन आपली जागा नव्याने मोजतं. आमच्या पडद्यावर आकडा एकोणतीस हजारांच्या वर गेला. माझे यजमान तो आकडा वहीत टिपून मगच उठले.

टेपरेकॉर्डरचं हेड अल्कोहोलने पुसलं, आवाज थोडा वर-खाली करून पाहिला. पहिली भरगच्च कॅसेट दुसऱ्या खेपेला चढली. दुसरीत एक तुकडा मध्येच खराब होता, तिथे मशीन थांबायचं. हेडचा बारीक स्क्रू किंचित फिरवल्यावर तोही निघाला. सगळा मजकूर सीरियल तारेने नव्या कॉम्प्युटरवर घेतला, त्याच्या तीन प्रती केल्या आणि बहिणींना पाठवल्या. टँडीत नवी बॅटरी घातली नाही. सेल काढून ते कोरड्या कपाटात ठेवलं आहे आणि उरलेली दुसरी चिप फॉइलमध्ये गुंडाळून त्याच्या शेजारी.

आता काम चाललं आहे ते इंग्रजी अक्षरांतली ती मराठी देवनागरीत आणायचं. ते चिपेपेक्षा अवघड आहे. अण्णा 'ल' आणि 'ळ' दोन्हींना एकच 'एल' वापरायचे, 'न' आणि 'ण' दोन्हींना एकच 'एन'. के-ए-एल असं लिहिलं असेल तर तो काल आहे, काळ आहे की कळ? एके ठिकाणी त्यांच्या आईविषयी लिहिताना तिन्ही अर्थ लागतात. मिरजेच्या आत्याबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. दर रविवारी फोनवर त्यांना एक पान वाचून दाखवतो आणि कुठलं अक्षर ते त्या सांगतात. दहा कॅसेट झाल्या आहेत, अकरावी अजून अर्धी उरली आहे.